बाब क्रमांक चौदा

घणसोलीत, कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर
एक माणूस दिवसातून नऊ वेळा मरणाच्या दारात जातो.
तिथवर त्याला मी नेते.

मुली त्याला गजाभाऊ म्हणतात.
कंपनीच्या कागदावर नुसता नंबर आहे.
वय अठ्ठेचाळीस. छाती खालीवर होते,
बुबुळं उजेडात आकसतात,
मनगटाला नाडी लागते, मी दिली तर.
घाम मात्र त्याला येत नाही.
तो मी इस्त्रीच्या फवाऱ्यानं मारते
कपाळावर, कानामागे,
परीक्षेला कुणी आत यायच्या आधी.

मग काचेआड बसते. माईक, माऊस, गार झालेला चहा
आणि तीस बाबींची यादी:
हात धुतले. स्वतःची ओळख सांगितली. रक्तदाब घेतला.
ईसीजीच्या तारा योग्य जागी.
हो, नाही, अर्धवट.

गजाभाऊंच्या तोंडी घालायचं वाक्य छापून आलंय:
"माझ्या छातीत तीव्र वेदना होत असून त्या डाव्या हातात पसरत आहेत."
एकोणीस वर्षांत असं बोलणारा पेशंट
मला कळव्यात भेटला नाही, वाशीत भेटला नाही.
परवा माईक दाबला आणि भलतंच बाहेर आलं,
आमच्या गावठाणातलं:
"कय नाय गो बाय, ग्यास झायलाय.
जरा पानी दे."

उमाकांत सरगरनं तारा अशा लावल्या
की पुस्तकात छापाव्यात.
मग गजाभाऊंचं कपाळ टिश्यूनं कोरडं केलं
आणि छताकडं बघत म्हणाला,
"मॅडम, एसी गळतोय."
तीसपैकी सत्तावीस.

ग्रेटा लोपीसनं पाणी दिलं.
तिचा मार्क कापताना पेन जरा अडलं.
पाणी मीही दिलं होतं.

सुकेशनी हनवते हिंगोलीची. लेखी चाचणीत वीसपैकी सात.
हात धुवायची विसरली,
एक तार खाली पाडली, उचलली, तशीच लावली.
"काय म्हणलात काका? परत सांगा."
मी परत सांगितलं.
तिनं कपाळाला हात लावला,
दोन बोटं एकमेकांवर घासून पाहिली.
"ग्यास आधी कधी झालता का?
तवा असाच घाम आलता?"

याचं उत्तर कागदावर नव्हतं.
ती वाट बघत उभी राहिली.
रेकॉर्डिंगमध्ये अकरा सेकंद भरतात,
त्यात फक्त मॉनिटर वाजतो.
"नाय," मी म्हणाले, "असा नाय."
तो गजाभाऊंचा आवाज नव्हता.
तिनं घंटा दाबली.

बेरीज एकोणीस. पास व्हायला एकवीस लागतात.
दोनदा मोजली. एकोणीसच लिहिले,
कारण न धुतलेल्या हातांनीही माणसं मरतात,
सावकाश, आठव्या-नवव्या दिवशी.
नंतर वर्तुळात बसवून सगळ्यांना विचारलं, काय शिकलात?
बाकीच्या भरभरून बोलल्या.
ती म्हणाली, "हात राहिले ना, मॅडम."
पुढच्या गुरुवारी तिची फेरपरीक्षा.

प्राचार्यांना अहवाल हवाय सोमवारपर्यंत.
आधीची सरासरी अकरा, नंतरची सोळा पूर्णांक आठ.
याला लक्षणीय वाढ म्हणतात.
लक्षणीय. शब्द टाइप केला
आणि त्यातल्या लक्षणाकडं बघत बसले.

बाब क्रमांक चौदा: रुग्णाशी संवाद साधला. गुण एक.
हो, नाही, अर्धवट.
हनवतेच्या कागदावर 'हो'ला खूण आहे,
आणि शेजारी समासात पेन्सिलीनं, कुणी मोजणार नाही असं:
थांबली.

पुढची मुलगी दाराशी आलीय.
गजाभाऊंची नाडी बहात्तरवर आणते,
कपाळ पुसून घेते.
फवाऱ्यात पाणी भरायला हवं.